वयाचे अकरा शब्द

६ जानेवारी २०२५, सोमवार

अखेर शिवानीचा फोन आला. सदुसष्ट दिवसांनी. मी मोजत होते हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझ्याखेरीज कोणी उघडत नाही.

"मॅडम, शिवानी बोलतेय. बिझी आहात का?"

निवृत्त केलेल्या बाईला हा प्रश्न. मी म्हटलं, "बोल."

काम असं. टेक्सासमध्ये वृद्धाश्रम चालवणारी एक कंपनी आहे आणि तिथे राहणाऱ्यांपैकी निम्मे स्पॅनिश बोलणारे आहेत. वयासंबंधीचे दोनशे चाळीस इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये आणायचे, तान्ह्या बाळापासून शंभरी गाठलेल्यापर्यंत. ही यादी एकदा पक्की झाली की कंपनीचे अर्ज, पत्रं, खोल्यांवरच्या पाट्या, सगळीकडे यादीतलाच शब्द आपोआप उमटणार.

"जपून करायचं काम आहे मॅडम. तुमच्याशिवाय कोणाला देणार?"

बावीस वर्षं खोपटच्या त्या भाषांतराच्या ऑफिसात स्पॅनिश विभाग मी चालवला. शिवानीला मी शिकवलं, संध्याकाळी स्पॅनिशचे वर्ग घ्यायचे तेव्हा. कळव्याची मुलगी, वडील एसटीत ड्रायव्हर, वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायला लाजायची. मध्ये तीन-चार वर्षं कुठेतरी नोकरी करून आली, तर मीच तिला ऑफिसात घेतलं. ३१ ऑक्टोबरला मला साठ पूर्ण झाली आणि अनिमेषने, म्हणजे मालकाच्या मुलाने, ज्याला मी चड्डीत पाहिलाय, मला शाल पांघरली. निरोपाच्या भाषणात शिवानी म्हणाली, "मॅडमना आता आराम मिळायला हवा." पुढच्या सोमवारी ती माझ्या खुर्चीत बसली. निरोपाच्या आदल्या दिवशी ती अनिमेषच्या केबिनमध्ये दार लावून तासभर होती. तिथे काय चाललं होतं ते सांगायला ज्योतिषी नको.

तरी काम घेतलं. का घेतलं ते अजून मलाच नीट कळायचंय.

७ जानेवारी, मंगळवार

फाइल आली. सकाळी चाळीस शब्द केले. हात अजून चालतो.

स्पॅनिशमध्ये माणूस साठ वर्षांचा असत नाही, त्याच्याकडे साठ वर्षं असतात. घर असावं, दागिने असावेत तशी. वर्गात हे शिकवताना मी म्हणायचे, बघा, किती श्रीमंत भाषा आहे. आज वाटलं, माझ्याकडची वर्षं काढून घेतली आणि वर हातात नारळ दिला. निवृत्तासाठी त्यांचा शब्द 'हुबिलादो', आणि तो आला आहे जल्लोष करण्यावरून. त्या शब्दाला मी पाच मिनिटं शिव्या दिल्या आणि मग बरोबर म्हणून लिहिला. काय करणार, बरोबरच आहे.

दुपारी गुरुदत्त आमच्या वर्तकनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा अर्ज घेऊन आले. दोन अर्ज, एक त्यांच्या नूतनीकरणाचा.

"तुझाही आणलाय. शनिवारी व्याख्यान असतं, नंतर चहा."

"मला ज्येष्ठ म्हणवून घ्यायचं नाही."

"अगं, म्हणवून घ्यायचं काय त्यात? मी तर चार वर्षं झाली, कनिष्ठ म्हणून बसतो. तिथे सगळे ऐंशीचे आहेत."

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझा हा नवरा असाच सुखात आहे. मला त्यांचा रागही येत नाही, हेवा वाटतो. अर्ज मी फ्रिजवर ठेवला, फ्रिजवरच्या वस्तू आमच्या घरात परत कोणाला दिसत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

कळलं मला मी काम का घेतलं.

आमच्या धंद्यात नियम आहे. भाषांतर करणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही. तपासणाऱ्याची सही जाते, आणि सही ज्याची, चूक त्याची. हा नियम ऑफिसात मीच कडक केला होता. म्हणजे ही यादी टेक्सासला जाईल ती शिवानीच्या नावाने जाईल. अनिमेष एक चूकही पोटात घालत नाही, आणि ही कंपनी त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. यादीत घाण निघाली तर तिची खुर्ची गेली म्हणून समजा.

वृद्ध व्यक्ती. त्याला तिकडे सभ्य शब्द आहे 'आदुल्तो मायोर', मोठा प्रौढ. मी तो लिहिला. मग खोडला आणि लिहिलं 'व्हेहेस्तोरिओ'. म्हणजे थेरडा. मोडीत काढलेल्या सामानाबद्दल बोलावं तसा शब्द आहे.

बावीस वर्षांत मी जाणूनबुजून चुकीचा शब्द लिहिला नव्हता. खरं सांगायचं तर छान वाटलं.

हिला कळणार नाही याची खात्री आहे. हिचं सगळं स्पॅनिश माझ्या वर्गातलं, आणि असले शब्द मी वर्गात कधी उच्चारले नाहीत. मी जे शिकवलं नाही ते हिला कुठून येणार?

१२ जानेवारी, रविवार

अकरा झाले. जास्त नकोत. दोनशे चाळीसमध्ये अकरा म्हणजे डाळीतले खडे, दाताखाली आल्याशिवाय दिसत नाहीत.

दुडुदुडु चालणाऱ्या बाळाला मी 'मोकोसो' केलं, शेंबडं पोर. मध्यमवयीन स्त्रीला 'हामोना', ज्यात मूळ शब्द डुकराच्या मांडीचा आहे. अविवाहित वृद्धेला 'सोल्तेरोना', थोराड घोडनवरी. शतायुषी माणसाला 'मोमिया', म्हणजे इजिप्तमध्ये कापडात गुंडाळून ठेवतात ते. आश्रमातल्या ज्येष्ठ रहिवाशाला 'कार्कामाल', खिळखिळं झालेलं म्हातारं. वयामुळे होणाऱ्या विस्मरणाला 'चोचेरा', म्हातारचळ. हा माझा सगळ्यात लाडका.

एखाद्या ऐंशीच्या बाईच्या खोलीवर पाटी लागेल, त्यावर 'कार्कामाल' असेल. तिचा मुलगा येईल, पाटी वाचेल. तो फोन करेल तेव्हा कंपनी अनिमेषला विचारेल, तपासलं कोणी? त्या म्हातारीचं वाईट वाटलं. पण पाटी लागण्याआधीच कोणाच्या तरी लक्षात येईल, असं मी मनाला सांगितलं. एवढ्यावर समजूत पटली.

काम करताना मी दोनदा मोठ्याने हसले. गुरुदत्त शब्दकोड्यातून मान वर करून म्हणाले, "कोणाची खोड काढतेयस?"

"काम करतेय."

"बँकेत आमचा एक कॅशियर असा हसायचा. नंतर त्याची चौकशी लागली."

त्यांना स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

आज फाइल पाठवली. खाली लिहिलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी काही रोज रोज अशी वागत नाही, पण वागायचं तर नीट वागावं.

१७ जानेवारी, शुक्रवार

शिवानीचा मेसेज. "मॅडम फाइल एकदम परफेक्ट. आज सही करून पाठवली. अनिमेष सर पण खूश. थँक यू."

परफेक्ट. म्हणजे एकही खडा दिसला नाही. मी म्हटलं नव्हतं? खुर्ची मिळते, अक्कल खुर्चीबरोबर येत नाही. आता फक्त टेक्सासहून बोंब यायची वाट बघायची. मी आज मुद्दाम साबुदाण्याचे वडे केले.

२२ जानेवारी, बुधवार

बोंब नाही. उलट नवं काम आलं. दहा शब्द. बाळ, मूल, मुलगा, मुलगी, आई असले. माझ्या वर्गात हे पहिल्या आठवड्यात व्हायचे. सोबत लिहिलंय, "काही घाई नाही मॅडम. हवा तेवढा वेळ घ्या. दमलात तर सोडून द्या."

दहा शब्दांना मी दमणार? सहा मिनिटांत करून परत पाठवले. तिने त्यावर हात जोडलेलं चित्र आणि "खूप छान!!" लिहिलं, बालवाडीच्या बाई पाटीवर लिहितात तसं. हिला नक्की झालंय काय? मला वाटतं मनातून घाबरलीय माझ्या जागेवर बसून, म्हणून हे सगळं गोडगोड.

२६ जानेवारी, रविवार

शिवानी तिळगूळ घेऊन घरी आली. सुट्टीचा दिवस होता म्हणून नाही म्हणता आलं नाही.

आली ती वाकून नमस्कार करून माझा हातच धरून बसली. आणि बोलणं एवढं सावकाश आणि मोठ्याने, की मी शेवटी म्हटलं, "शिवानी, मी ठाण्यातच राहते, पलीकडच्या काठावर नाही." हसली, पण डोळे भरल्यासारखे दिसले. नाटकी आधीपासूनच आहे.

"झोप लागते ना मॅडम? जेवण वगैरे नीट?"

"तुला काय वाटतं?"

"नाही, असंच. बाबा मे महिन्यात रिटायर झाले ना, तर घरात बसून त्यांचं पण असं व्हायला लागलेलं. चावी कुठे ठेवली, गॅस बंद केला का. आता घर सगळं माझ्यावरच आहे, मी दिवसभर ऑफिसला, मग मलाच टेन्शन. डॉक्टरकडे नेलेलं, बरं वाटलं त्यांना. तुम्ही पण कधी…"

वाक्य तिने अर्धं सोडलं. माझा आणि तिच्या बाबांच्या चावीचा काय संबंध ते काही मी विचारलं नाही. मग म्हणाली, "सर तर बाहेर काम द्यायला तयारच नव्हते. निरोपाच्या आदल्या दिवशी मी तासभर भांडले त्यांच्याशी, मॅडमना ठेवाच म्हणून. ठेवलं नाही, पण बाहेरून काम देईन म्हणाले, ते पण माझ्या जबाबदारीवर." आता हे सगळं मला सांगायचं कारण काय? केलेल्यावर पांघरूण घालायचं, दुसरं काय.

मी लाडू डब्यात काढत होते तेव्हा ती चहाचे कप ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गुरुदत्तांच्या मागे गेली. दोघं हळू बोलत होते. गुरुदत्तांचा आवाज मला स्पष्ट आला. "हो गं, हल्ली विसरते ती. तू मनावर घेऊ नकोस."

ती गेल्यावर मी विचारलं, "काय विसरले मी?"

"वड्यांत मीठ," म्हणाले.

माझ्या वड्यांत मीठ बरोबर होतं.

२९ जानेवारी, बुधवार

आज डोकं फिरलंय, पण नीट क्रमाने लिहिते.

टेक्सासहून काहीच का येत नाही हे मला राहवेना. ऑफिसात काम वाटणारा ऋतुराज म्हणून मुलगा आहे, त्याला फोन केला. म्हटलं, मला माझ्या संग्रहासाठी अंतिम यादी हवी. "अभी भेजतो मॅडम, दोन मिनिट," म्हणाला आणि खरंच दोन मिनिटांत पाठवली. पण त्याने गिऱ्हाईकाला गेलेली प्रत न पाठवता ऑफिसातली पाठवली, जिच्यात कडेला एकमेकांसाठी लिहिलेल्या टिपा असतात.

माझे अकराच्या अकरा शब्द बदललेले होते. 'व्हेहेस्तोरिओ'च्या जागी 'आदुल्तो मायोर'. 'चोचेरा'च्या जागी विस्मरणाचा योग्य वैद्यकीय शब्द. एकही सुटला नव्हता. आणि पहिल्या शब्दापाशी शिवानीची टीप होती. ती उतरवून ठेवते.

"ऋतुराज, हे अकरा चेंज मी केलेत, सरांना सांगू नकोस प्लीज. हे शब्द मला माहितीयेत कारण ऐरोलीला स्पॅनिश कॉल सेंटरला होते तेव्हा म्हातारी माणसं फोनवर स्वतःलाच अशा शिव्या घालायची. मॅडम शुद्धीत असताना असं लिहिणं शक्यच नाही. वयाचं काहीतरी सुरू झालंय बहुतेक. मला रडायला आलं वाचून. मॅडमना कळू द्यायचं नाही. यापुढे त्यांना सोपंच काम द्यायचं, आणि ते मी स्वतः चेक करणार."

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे दहा शब्द त्यासाठी. तो मोठा आवाज त्यासाठी. हात धरला तो त्यासाठी.

पकडली गेले असते तर चाललं असतं. तिने आरडाओरडा केला असता, अनिमेषने मला फोन केला असता, मी म्हटलं असतं, हो, केलं, काय करायचं ते करा. त्यात मान होता. पण या पोरीने मला चोर ठरवलं नाही, म्हातारी ठरवलं. मी एवढी मेहनत घेऊन, शब्दकोश चाळून, एकेक शिवी निवडली, आणि हिला वाटलं माझ्या डोक्याचा पेच ढिला झाला. माझ्या सुडाला हिने आजार करून टाकलं. हे मी हिला कधीही माफ करणार नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी गुरुदत्तांना धारेवर धरलं. "तुम्ही तिला सांगितलंत मी विसरते म्हणून. कशाच्या जोरावर?"

"ती काळजीत होती. काहीतरी बोलायला हवं होतं."

"मग सांगायचं, ठणठणीत आहे."

"ते सांगून चाललं नसतं," म्हणाले आणि शब्दकोडं उचललं.

चाललं नसतं म्हणजे काय? म्हणजे यांनाही तेच वाटतं. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांचा एक वाढदिवस विसरलेले नाही. मी सांगितलं, मी डॉक्टरकडे जाणार, स्मरणशक्तीची चाचणी करून घेणार आणि निकाल सगळ्यांच्या तोंडावर मारणार.

"कशाला मंदा? राहू दे ना. विषय आपोआप मिटतोय."

भीती वाटते यांना. मी नापास होईन म्हणून.

१ फेब्रुवारी, शनिवार

पाचपाखाडीला डॉक्टर मेघना म्हणून आहेत, मेंदूच्या. शिवानीच्याच वयाच्या असतील. आजकाल सगळे शिवानीच्याच वयाचे असतात.

तारीख विचारली, वार विचारला. घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, ते मी आधी मराठीत केले आणि मग त्यांनी न विचारता स्पॅनिशमध्ये. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, ते मी उलट्या क्रमाने दिले. शेवटी 'क'वरून एका मिनिटात आठवतील तेवढे शब्द. एकोणतीस झाले. तिसावा 'कावेबाज' ओठावर होता तेव्हा वेळ संपली.

तीसपैकी तीस.

"काकू, असा स्कोअर मी फार कमी बघते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला पाठवलं कोणी?"

"माझ्या एका विद्यार्थिनीने," मी म्हटलं.

काकू म्हणाल्या ते मी सोडून दिलं. निकाल छापील आहे, सही-शिक्क्याचा. त्यात स्वच्छ लिहिलंय की विचार, निर्णय, भाषा, स्मरण, सगळं उत्तम. गुरुदत्त बाहेर बाकावर बसले होते. कागद वाचून त्यांनी घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मी तो काढून घेतला.

३ फेब्रुवारी, सोमवार

निकालाचा फोटो काढला आणि शिवानीला पाठवायला घेतला. गुरुदत्त समोर होते.

"पाठवू नकोस," म्हणाले.

"का?"

"जरा विचार कर."

"विचार करता येतो, हेच तर कागदावर लिहिलंय."

ते भाजी आणायला निघून गेले, पिशवी न घेता. विसरतंय कोण बघा. मी पाठवला. खाली लिहिलं, "यापुढे मला बाळ-मूल-आई पाठवू नये. तुझी सगळी काळजी अनाठायी होती. माझं डोकं जानेवारीतही असंच होतं आणि आजही आहे."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिने वाचलं. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. फार दिवसांनी भूक लागल्यासारखी लागली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल दिवसभर उत्तर नाही. आज दुपारपर्यंत नाही. मी म्हटलं, गप्प बसवली. तसं गुरुदत्तांना सांगितलंही.

ते म्हणाले, "मंदा, तिला काय कळलं असेल आता?"

"की मी ठणठणीत आहे."

"आणि ठणठणीत बाईने ते शब्द लिहिले."

मी फोन उलटा करून ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं शब्दांचं?" मी विचारलं.

"तिने स्वयंपाकघरात मोबाइलवर दाखवले ना. एकेक अर्थ सांगत होती आणि रडत होती. 'काका, मॅडमना काय होतंय?' म्हणाली. मला तेव्हाच कळलं काय होतंय. त्या आठवड्यात तू हसत होतीस, निवृत्तीनंतर पहिल्यांदा. मग दोनच गोष्टी सांगता येत होत्या तिला. बायको आजारी आहे, नाहीतर बायको वाईट वागली. मी म्हटलं, आजारी."

"मला म्हातारी ठरवलंत."

"हो. त्यात तुझं नाव राहत होतं. मला वाटलं तू चिडशील, दोन महिन्यांनी विसरशील." मग स्वतःच म्हणाले, "पण तू विसरत नाहीस."

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. लाज वाटली. गेल्या महिनाभरात हा शब्द मी या वहीत एकदाही लिहिलेला नाही, आत्ता पानं उलटून पाहिली. केबिनमधला तो तासही आज मला वेगळा दिसला. ती माझ्यासाठी भांडली असेल, ही शक्यता मी एकदाही धरली नव्हती. ती घरी येऊन तोंडाने सांगत होती, तेव्हाही नाही. मी जिला हट्टाला पेटून पाडायला निघाले होते, तिने स्वतःची सही माझ्या घाणीखाली केली होती, आधी ती धुऊन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी शिवानीचा मेसेज आला. नेहमीची चित्रं नाहीत.

"मॅडम, रिपोर्ट बघितला. चार वेळा बघितला. मला वाटलेलं तुम्ही आजारी आहात, म्हणून मी जानेवारीत तुमच्या चुकांचा फॉर्म भरलाच नव्हता. आता भरावा लागेल, नाहीतर सरांपुढे मी खोटी पडेन. पाठवलाय. बघून घ्या."

आमच्याकडे मोठी चूक सापडली की तपासणाऱ्याने कारण लिहायचं असतं. चार पर्याय असतात: टंकनदोष, अज्ञान, निष्काळजीपणा, हेतुपुरस्सर. त्यासमोर भाषांतर करणाऱ्याने 'मान्य' किंवा 'अमान्य' म्हणायचं. अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत कारणाचा रकाना तिने कोरा ठेवला होता.

हे मी अर्धा तास बघत बसले. भरायचं तिने होतं आणि तिने ते माझ्यावर सोडलं. टंकनदोष निवडला असता तर ती गप्प बसली असती, मला खात्री आहे. अज्ञान मी मेले तरी निवडणार नव्हते. तिला फोन करावा, माफी मागावी, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. काय सांगणार होते? तुझा राग आला होता म्हणून? तिला ते कळलंय, शिक्क्यासकट.

मी अकराही ओळींत 'हेतुपुरस्सर' निवडलं आणि अकराही ठिकाणी 'मान्य' केलं. असं झाल्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव ऑफिसच्या काम देण्याच्या यादीतून कायमचं काढतात. तो नियमही योग्यच आहे.

खाली अभिप्रायाचा एक रकाना असतो. तिथे बरंच काही लिहिलं आणि खोडलं. मग यादी परत उघडली आणि तिने केलेले अकरा बदल एकेक करून तपासले, शब्दकोश घेऊन, दोन-दोन ठिकाणी पडताळून. दुपारचं जेवण राहिलं. शेवटी लिहिलं:

"शिवानी यांनी केलेल्या अकराही दुरुस्त्या मी तपासल्या. सर्व बरोबर आहेत. चूक शोधली होती, सापडली नाही."

खाली माझं नाव लिहिलं आणि पाठवलं.